ओढताना सरळ, ढकलताना घसरणारी: उपनगरी डब्यांच्या मॉडेलचा जुना त्रास

तक्रार जवळपास ठरलेलीच असते. एचओ (१:८७) मापाची उपनगरी मॉडेल गाडी, पाच-सहा लांब डबे, एका टोकाला इंजिन आणि दुसऱ्या टोकाला चालकाची केबिन असलेला डबा. इंजिन पुढे असलं की गाडी तासन्‌तास बिनघोर फिरते. दिशा उलटी केली आणि इंजिन मागून ढकलू लागलं, की क्रॉसओव्हरवर (एका रुळावरून शेजारच्या रुळावर नेणाऱ्या जोडणीवर) किंवा वळणाच्या तोंडाशी एखादा डबा उतरलाच म्हणून समजा. उचलून परत ठेवा, पुढच्या फेरीत पुन्हा तेच. रूळ पुसून होतात, प्लास्टिकची चाकं जाऊन धातूची येतात, डब्यात वजन भरलं जातं, आणि त्रास आहे तिथेच राहतो.

अशी गाडी तपासायला आली की मी चाकांकडे नंतर वळतो. आधी डबा उलटा करून त्याची दोन्ही टोकं बघतो. पेटीतून काढलेला साधा डबा निमूट चालतो आणि महिनाभर खपून सजवलेला डबा घसरतो, हे इतक्यांदा दिसतं की आता त्याचं नवल वाटत नाही. हौसेने लावलेल्या ब्रेकच्या नळ्या, दोन डब्यांमधल्या केबल, एकमेकांना टेकणारे गँगवे (डब्या-डब्यांमधले ये-जा करायचे बोळ), बोगीला खेटून बसवलेल्या पेट्या आणि पायऱ्या, दिव्यांच्या वायरी: दोष बहुधा यांच्यापैकी कशात तरी असतो. (या लेखात बोगी म्हणजे डब्याखालची फिरती चाकांची चौकट.) तपशील काढून टाका असं मी सांगणार नाही. कुठला तपशील कुठल्या टोकाला शोभतो आणि खपतो, एवढंच ठरवायचं आहे.

ढकलताना नेमकं काय बदलतं

साखळी ओढली की सरळ होते, ढकलली की वाकडी होते. गाडीचंही तसंच, फक्त किती वाकडी होते याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे.

उत्तर अमेरिकेतले बहुतेक उपनगरी डबे ८५ फूट लांबीचे. एचओच्या १:८७ मापात एका कपलरच्या (डबे जोडणाऱ्या आकड्याच्या) टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत हे जवळपास २९८ मिमी होतं. दोन बोगींच्या मध्यबिंदूंमधलं अंतर अशा डब्यांत बऱ्याचदा ५९ फूट ६ इंच, म्हणजे मॉडेलमध्ये २०८ मिमी. आता हा डबा २२ इंची, म्हणजे ५५९ मिमी त्रिज्येच्या वळणावर ठेवा. डब्याचा मध्य वळणाच्या आतल्या बाजूला साधारण १० मिमी सरकतो आणि टोकं तितकीच बाहेर जातात. शेजारच्या दोन डब्यांमध्ये ३० अंशांचा कोन पडतो. म्हणजे कपलरमधून येणारा जोर प्रत्येक डब्याच्या अक्षाशी १५ अंशांनी तिरका लागतो आणि त्यातला चौथा हिस्सा आडवा जातो. गाडी ओढली जात असते तेव्हा हा आडवा जोर वळणाच्या आत असतो. ढकलताना तो बाहेर वळतो आणि चाकाची कड बाहेरच्या रुळावर चढवू बघतो. ३० इंची, म्हणजे ७६२ मिमीच्या वळणावर हाच हिस्सा पाचव्यावर येतो.

५५९ मिमी त्रिज्या म्हणजे खऱ्या मापात जेमतेम ४९ मीटर. इतक्या अरुंद वळणावर खरा ८५ फुटी डबा कधी जातच नाही. म्हणजे खऱ्या डब्याच्या टोकाला जे हुबेहूब दिसतं, ते आपल्या मॉडेलच्या टोकाला हुबेहूब बसवलं तर अडणारच. खऱ्या गाड्या मात्र दिवसभर ढकलत चालतात. शिकागोच्या उपनगरी मार्गांवर १९५० मध्ये बड कंपनीने बर्लिंग्टन रेल्वेसाठी बांधलेले दुमजली गॅलरी डबे आले आणि १९६०च्या आसपास शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने इंजिन न फिरवता अशाच दुमजली गाड्या दोन्ही दिशांना चालवायला सुरुवात केली. पुढे ही पद्धत इतकी रुजली की उपनगरी गाडीचं मॉडेल करायचं तर ढकलणं टाळून चालणारच नाही.

आधी कोण दोषी ते ठरवा

हातात कानस घेण्याआधी वही घ्या. किंवा मोबाइल रुळाच्या पातळीला टेकवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. डोळ्यांना दिसतो तो आधीच पडलेला डबा, चित्रणात दिसतं ते पहिलं उचललेलं चाक. तीन गोष्टी नोंदवायच्या: कुठल्या जागी, कुठला डबा, त्याचं कुठलं चाक.

वेगवेगळे डबे एकाच जागी उतरत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा वेगवेगळ्या जागी उतरत असेल तर दोष त्या डब्याचा. आणि दोन ठरावीक डबे एकमेकांना जोडलेले असतानाच घसरत असतील, वेगळे केले की दोघेही शहाण्यासारखे चालत असतील, तर दोष त्या दोघांच्या मधल्या जागेत आहे. हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त भेटतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो, कारण माणूस उतरलेल्या डब्याकडे बघतो. त्याला ढकलून देणारा शेजारी रुळावर साळसूदपणे उभा असतो.

आणखी एक चाचणी: संशयित डबा गाडीतच टोकं बदलून लावा. त्रास त्या टोकाबरोबर फिरला तर टोक सापडलं.

रुळाबद्दल थोडक्यात. एनएमआरएचं (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे हौशींच्या संघटनेचं) गेज फिरवून रुळांमधलं अंतर आणि फ्रॉगजवळच्या (दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या) खाचा बघा. चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर एचओमध्ये साधारण १४.४ मिमी असावं. एका चाकजोडीचं अंतर बाकीच्यांपेक्षा कमी निघालं तर चाक आसावर हलकेच फिरवत बाहेर घ्या. क्रॉसओव्हरसाठी चार नंबरचे सांधे (रूळ फुटतात त्या जोडण्या; नंबर जितका मोठा, तितका कोन लहान) वापरले असतील तर लांब डब्यांसाठी ते बदलल्याशिवाय सुटका नाही. सहा नंबर हा किमान समजा, आठ असला तर उत्तम. एका वळणातून थेट उलट्या वळणात जाणारा रूळ असेल तर मध्ये एका डब्याच्या लांबीइतका सरळ तुकडा घाला. तो नसला की दोन डब्यांची टोकं विरुद्ध बाजूंना जातात: ७६२ मिमीच्या वळणावरही प्रत्येकी साडेसात मिमी, एकूण पंधरा. एवढा फरक कुठलाही कपलर पोटात घेत नाही.

दोन डब्यांमधली जागा

डबे जितके जवळ, तितकी गाडी छान दिसते. इथेच मोह होतो. १० फूट रुंदीचा डबा मॉडेलमध्ये ३५ मिमी रुंद. ७६२ मिमीच्या वळणावर आतल्या बाजूचे दोन कोपरे एकमेकांकडे जवळपास ७ मिमी सरकतात, ५५९ मिमीच्या वळणावर साडेनऊ मिमी. दोन डब्यांच्या भिंतींमध्ये सरळ रुळावर ६ मिमी ठेवून गाडी ७६२च्या वळणावर आणली तर कोपरे टेकणारच. ओढताना कपलरमधला खेळ ताणला जाऊन एखादा मिलिमीटर वाढतो आणि वेळ निभावते. ढकलताना तोच खेळ दाबला जातो आणि कोपरा कोपऱ्यावर चढतो. आतल्या कोपऱ्यावर टेकू मिळाला की डब्याचं टोक बाहेर फेकलं जातं. चित्रणात बाहेरचं चाक अलगद उचललेलं दिसलं तर आधी कोपरे बघा.

मापायला सोपी युक्ती आहे. सगळ्यात अरुंद वळणावर दोन डबे ठेवा, हाताने एकमेकांवर दाबून कपलरमधला खेळ संपवा आणि आतल्या कोपऱ्यांमधून जाड पुठ्ठ्याची पट्टी सरकवा. सरकत नसेल तर कपलरची पेटी बाहेर घ्या किंवा एक पायरी लांब दांड्याचा कपलर लावा. बोगीलाच जोडलेला कपलर असेल, जुन्या संचांत असतो, तर ढकलण्याचा सगळा जोर बोगी तिरकी फिरवण्यात जातो. अशा डब्यात कपलरची पेटी डब्याच्या तळाला बसवल्याशिवाय बाकीची मेहनत वाया आहे.

कपलरची उंचीही इथेच तपासून घ्या. एचओमध्ये कपलरचा मध्य रुळाच्या वरच्या पातळीपासून ९.९ मिमीवर येतो. केडी या कपलर बनवणाऱ्या कंपनीचं २०५ नंबरचं गेज हातात असेल तर मोजायची गरजच नाही, रुळावर ठेवायचं आणि कपलर समोर आणायचा. उंचीत फरक असला की ढकलताना एक कपलर दुसऱ्याच्या खाली शिरतो आणि हलका डबा वर उचलला जातो. चुंबकाने सोडवण्यासाठी कपलरखाली लोंबणारी वाकडी तार असते, तीही त्याच गेजवर बघा. सांध्यावरच्या रक्षक रुळाला ती अडकत असेल आणि तुम्ही चुंबक वापरत नसाल, तर सरळ कापून टाका.

आता गँगवे. स्प्रिंगवाले, एकमेकांना टेकून राहणारे गँगवे सरळ रुळावर फार सुरेख दिसतात. ढकलताना मात्र त्यांच्या चकत्या एकमेकींवर सरकायला हव्यात, आणि रंग दिलेल्या प्लास्टिकवर रंग दिलेलं प्लास्टिक सरकत नाही, चिकटून झटका देतं. समोरासमोरच्या चकत्यांवरचा रंग बारीक पॉलिश पेपरने काढा, मऊ पेन्सिलीचं शिसं घासा आणि बोटाने चकत्या एकमेकींवर आडव्या फिरवून पाहा. तरीही अडलं तर एका डब्याच्या गँगवेची स्प्रिंग काढून तो पाऊण-एक मिलिमीटर आत चिकटवून टाका. माझं मत विचाराल तर वळणं ७६२ मिमीपेक्षा अरुंद असतील तिथे दोन्ही बाजूंनी टेकणारे गँगवे लावूच नयेत. दोन फुटांवरून तो पाऊण मिलिमीटर कुणालाही दिसत नाही.

बोगी कुठे अडते, ते डब्यावर अवलंबून

सजवलेल्या डब्यात सर्वांत जास्त वेळ जातो तो इथे. २०८ मिमीवर बोगी असलेल्या डब्यात ५५९च्या वळणावर प्रत्येक बोगीला जवळपास ११ अंश फिरावं लागतं, ७६२वर ८ अंश. बोगीच्या मध्यापासून चाकाची पुढची कड २० मिमीवर धरली तर ती कड बाजूला अनुक्रमे पावणेचार आणि पावणेतीन मिमी सरकते. डब्याच्या तळाला त्या जागी काहीही असलं की बोगी तिथे टेकणार, आणि टेकलेल्या बोगीची चाकं वळणाचं ऐकत नाहीत.

काय टेकतं ते डब्याच्या प्रकारावर ठरतं. १९७० ते ७३ दरम्यान पुलमन-स्टँडर्डने बांधलेल्या कॉमेट जातीच्या एकमजली डब्यांना टोकांशी दारं आणि त्यांच्या खाली पायऱ्यांचे कप्पे असतात, बोगीला अगदी लागून. मॉडेलमध्ये त्या कप्प्याची आतली भिंत हमखास नडते. बाहेरून दिसणारी पायरी तशीच ठेवून आतली भिंत पातळ करायची. अर्धा मिलिमीटर राहिली तरी पुरते, गरज पडली तर ती पूर्ण कापून मागे काळी कागदी पट्टी लावली तरी कळत नाही.

शिकागोच्या गॅलरी डब्याचं दार मध्यावर असतं, त्यामुळे पायऱ्या बोगीपासून लांब राहतात. तिथे नडतात त्या तळाखालच्या पेट्या. या डब्यांचा खालचा मजला नेहमीच्या उंचीवर असल्याने यंत्रसामग्री तळाला लटकते, आणि फोटो बघून एकेक पेटी जागेवर बसवताना बोगीच्या आतल्या बाजूची शेवटची पेटी दोन मिलिमीटर जास्त पुढे जाते. खऱ्या डब्यात तिथे जागा मोकळी दिसते, कारण खऱ्या बोगीला तेवढं फिरायचंच नसतं.

टोरंटोच्या गो ट्रान्झिट या उपनगरी सेवेसाठी सत्तरच्या दशकात हॉकर सिडली कॅनडाने घडवलेल्या आणि नंतर अनेक शहरांनी घेतलेल्या बायलेव्हल, म्हणजे दुमजली, डब्याची तऱ्हा तिसरी. त्याचा खालचा मजला दोन बोगींच्या मधोमध खाली उतरवलेला असतो आणि त्याची भिंत बोगीच्या आतल्या टोकासमोरच उभी राहते. बोगीच्या त्या टोकाला ब्रेकच्या दांड्या, साखळ्या असलं काही लावलं असेल तर ते त्या भिंतीला घासतं. इथे भिंत कापता येत नाही, ती दिसते. तेव्हा बोगीचे आतल्या टोकाचे तपशील कमी करायचे. ते भिंतीच्या आडच जातात, हळहळायचं कारण नाही.

घासण्याची नेमकी जागा शोधायला डबा उलटा करून बोगी बोटाने फिरवणं पुरेसं नाही. वजन पडलं की तळ खाली येतो आणि चित्र बदलतं. चाकांच्या कडांना आणि बोगीच्या चारही कोपऱ्यांना पांढरा पोस्टर कलर हलकेच लावा, ओला असतानाच डबा अरुंद वळणावरून आणि सांध्यावरून हाताने ढकलत न्या, मग उलटा करून टेबल लॅम्पखाली तिरका धरा. जिथे टेकलं तिथे पांढरा ठिपका नाहीतर चंद्रकोरीसारखी बारीक रेघ उमटलेली असते. चाकाची रेघ कमानीसारखी वाकलेली असते, बोगीच्या कोपऱ्याची सरळ आणि आखूड, त्यावरून कोण टेकलं तेही कळतं. जुन्या, धुळकट रंग दिलेल्या डब्यात हा उद्योगही नको: मातकट तळावर एक स्वच्छ, चमकणारा ओरखडा आधीच पडलेला असतो. तिथेच कानस लावा. रंग ओल्या कापडाने पुसून घ्या, चाकांवर राहिला तर वीज घेताना त्रास देईल.

दिव्यांच्या वायरी

उपनगरी डब्याला मोठ्या खिडक्या, त्यामुळे आत दिवे लावण्याची हौस रास्त आहे. रुळावरून वीज घेणाऱ्या बोगीतून दोन वायरी छिद्रातून डब्यात जातात आणि याच वायरी बोगीला लगाम घालतात. जाड आवरणाची वायर आखूड ठेवून तळाला ताणून चिकटवली असेल तर ती स्प्रिंगसारखी वागते. बोगी वळणावर फिरते, पण सरळ रुळावर परत येताना एका अंगाला ओढलेली राहते. तपासायला डबा हातात आडवा धरून बोगी फिरवा आणि सोडा. जिथे सोडली तिथेच थांबली तर ठीक. आपोआप मागे येत असेल तर वायर दोषी.

मिळेल तितकी बारीक, अनेक तारांची मऊ वायर घ्या, छिद्र बोगीच्या खिळ्याच्या शक्य तितकं जवळ पाडा आणि वायरीचा एक सैल वेढा डब्याच्या आत ठेवा, खाली लोंबता नको. आसाला घासून वीज घेणाऱ्या पितळी पट्ट्यांचा दाब कमीत कमी ठेवा. दिवा लुकलुकतो म्हणून लोक पट्टी आणखी दाबतात, आणि प्रत्येक डबा थोडा थोडा जड चालू लागतो. सहा डब्यांचा अडसर एकत्र झाला की ढकलणाऱ्या इंजिनाला जोर वाढवावा लागतो आणि आडवा हिस्साही त्याच प्रमाणात वाढतो. लुकलुकणं थांबवायला दिव्याच्या पट्टीवर कपॅसिटर लावा, पट्टी सैल ठेवा. अडसर मोजायला दर शंभर मिमीला दोन मिमी चढ असलेला सरळ रूळ पुरतो: सुटा डबा त्यावरून स्वतःहून घरंगळायला हवा. न घरंगळणारा डबा बाजूला काढा.

वजन आणि स्क्रू

एनएमआरएची वजनाची शिफारस एचओसाठी एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस अशी आहे. आपल्या २९८ मिमीच्या डब्याला त्याने साधारण १९५ ग्रॅम येतात. एन (१:१६०) मापात अर्धा औंस अधिक दर इंचाला ०.१५ औंस, म्हणजे १६२ मिमीच्या डब्याला ४१ ग्रॅमच्या आसपास. पण या एकूण आकड्याला मी फार महत्त्व देत नाही. गाडीतल्या सगळ्या डब्यांचं वजन सारखं असणं आणि ते खाली असणं जास्त मोलाचं. जड डब्याने हलका डबा ढकलला की हलका उतरतो. दुमजली डब्याची उंची १५ फूट ११ इंच, मॉडेलमध्ये जवळपास ५६ मिमी. वरच्या मजल्यावर धातूचे प्रवासी बसवले, छताला दिव्याची जड पट्टी लावली, की गुरुत्वमध्य वर जातो आणि डबा वळणावर डुलतो. वजनाच्या पट्ट्या खालच्या मजल्याच्या फरशीखाली, दोन बोगींच्या मध्ये सपाट चिकटवा. वरच्या मजल्यावर पोकळ प्लास्टिकचे प्रवासी पुरे, खिडकीतून त्यांची डोकीच दिसतात.

बोगीचे स्क्रू दोन्हीकडे सारखे आवळायची सवय सोडा. एका बोगीचा स्क्रू पूर्ण आवळून पाव फेरा सैल करा: ती फिरेल, पुढे-मागे थोडी झुकेल, पण डावी-उजवीकडे डुलणार नाही. दुसऱ्या बोगीचा स्क्रू अर्ध्या ते एका फेऱ्याने सैल ठेवा, ती सगळीकडे डुलू द्या. असा डबा तिपाईसारखा तीन ठिकाणी टेकतो आणि रूळ थोडा वरखाली असला तरी आठही चाकं जमिनीवर राहतात. दोन्ही घट्ट असतील तर सांध्यावर एक चाक हवेत जातं. दोन्ही सैल असतील तर डबा झोकांड्या खातो. गाडीत सगळ्या डब्यांची घट्ट बोगी एकाच दिशेला ठेवण्याचा आग्रह काहीजण धरतात. मला त्याने फरक पडलेला दिसला नाही.

डीसीसीवर (डिजिटल नियंत्रणावर) चालणारी गाडी असेल तर सीव्ही ३ आणि सीव्ही ४, म्हणजे वेग हळूहळू वाढवण्याच्या आणि कमी करण्याच्या सेटिंग, थोड्या वाढवून ठेवा. ढकलणारं इंजिन झटक्याने निघालं किंवा थांबलं की सगळ्या कपलरमधला खेळ एकदम दाबला जातो, आणि नेमका तेव्हाच एखादा डबा सांध्यावर असतो.

मग नळ्या आणि केबल लावायच्या कुठे

ढकलत-ओढत चालणाऱ्या गाडीचं टोक तारा-नळ्यांनी गजबजलेलं असतं आणि तेच बघायला आवडतं: ब्रेकच्या नळीबरोबर मुख्य हवाटाकीची नळी, इंजिनावर केबिनमधून हुकूम नेणारी २७ पिनांची केबल, दिवे आणि वातानुकूलनासाठी ४८० व्होल्टची तीन फेजची वीज नेणाऱ्या जाड, झोळीसारख्या लोंबणाऱ्या केबल. हे सगळं केबिनच्या डब्याच्या मोकळ्या टोकाला मनसोक्त करा. तिथे पुढे काही जोडायचं नसतं, प्लगच्या झाकणांपासून नळीच्या टोकापर्यंत सगळं हुबेहूब बसवता येतं, फक्त काहीही रुळाच्या पातळीपासून एक मिलिमीटरच्या आत लोंबू देऊ नका.

मधल्या टोकांना हात आखडता घ्या. दोन डब्यांमध्ये तांब्याच्या तारेची केबल दोन्हीकडे चिकटवणं म्हणजे कपलरखेरीज दुसरा कडक दांडा बसवणं, वळणावर तो डब्याला वाकवणार. त्याऐवजी प्रत्येक डब्याला अर्धी झोळी लावा, टोक समोरच्यापासून एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबू द्या. डबे कायमचे जोडलेले ठेवणार असाल तर काळा ताणणारा धागा दोन्हीकडे बांधा, तो वळणावर ताणला जातो आणि जोर धरत नाही. ब्रेकच्या नळ्या कडक प्लास्टिकच्या असतील तर त्या कपलरच्या झोक्याच्या बाहेर, कोपऱ्याकडे सरकवा. कपलर दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. नळीला टेकून तो मध्यावर परत येत नसेल तर पुढच्या सांध्यावर डबा उतरणार, हे आत्ताच सांगता येतं.

एवढं करूनही एखादा डबा ऐकत नसेल तर त्याला इंजिनापासून लांब, केबिनच्या डब्याच्या शेजारी लावा. ढकलण्याचा जोर इंजिनालगतच्या पहिल्या दोन कपलरांवर सर्वांत जास्त असतो, कारण पुढच्या सगळ्या डब्यांचा अडसर त्यांच्यातूनच जातो. दूरच्या टोकाला तो एका डब्यापुरता उरतो. तिथे तो नीट चालला तर त्याच्या टोकांना पुन्हा पोस्टर कलर लावा, कुठेतरी अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका अजून सापडायचा राहिला आहे. तिथेही उतरला, तर बोगी काढून चाकजोड्या एकेक करून सपाट काचेवर लोटा. वाकड्या आसाची जोडी सरळ न जाता एका अंगाला वळते, ती टाकून नवी घाला.